बदलाची गरज नसलेली फाइल फॉरमॅटरने कशी हाताळावी आणि ते कसे तपासावे

एखाद्या प्रकल्पात कोड फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी ठरावीक नियमांनी लावणारे साधन, पहिल्यांदा चालवला जातो, त्या दिवशी तो ढीगभर फायलींतल्या ओळी बदलतो आणि साहजिकच सगळ्यांचे लक्ष त्या बदलांकडे असते. दुसऱ्या दिवसापासून चित्र पालटते. आता त्याच्यापुढे येणाऱ्या बहुतेक फायली आधीच नीट मांडलेल्या असतात. दिवसभरात कोणी दोन-चार फायलींत भर घातलेली असते, आणि उरलेल्या सगळ्या फायली वाचून, पारखून, जशा होत्या तशा सोडून देणे हेच त्याचे रोजचे काम होऊन बसते. फॉरमॅटर निवडताना आपण तो ओळ कुठे तोडतो आणि कंस कुठे ठेवतो यावर बराच वाद घालतो, पण ज्या फाइलमध्ये काहीच करायचे नाही तिच्याशी तो कसा वागतो, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते फॉरमॅटरची खरी पारख इथेच होते. ज्या फाइलला बदलाची गरज नाही तिच्यावर त्याने एक बाइटही लिहू नये, तिची शेवटच्या बदलाची वेळही हलवू नये, आणि आपण काय केले व काय केले नाही हे स्पष्टपणे सांगावे. तुमचा फॉरमॅटर तसे वागतो का हे कसे तपासावे, आणि स्वतः फॉरमॅटर किंवा त्याच्याभोवतीची स्क्रिप्ट लिहीत असाल तर ते कसे साधावे, ते पुढे सांगितले आहे.

आधी स्वतःच्या हाताने तपासा

‘फाइल बदलली नाही’ या वाक्याचे दोन वेगळे अर्थ होतात. पहिला अर्थ असा की, फाइलमधला मजकूर पूर्वीसारखाच राहिला. दुसरा असा की, फाइलवर लेखनच झाले नाही. फॉरमॅटरने तोच मजकूर पुन्हा डिस्कवर लिहिला, तर पहिला अर्थ खरा ठरतो आणि दुसरा खोटा. डोळ्यांनी फाइल पाहून हा फरक कळत नाही, म्हणून तो मोजावा लागतो.

प्रकल्पातली एक फाइल घ्या आणि तिच्यावर फॉरमॅटर एकदा चालवा, म्हणजे ती नीट मांडलेली आहे याची खात्री होईल. त्यानंतर तीन गोष्टी टिपून ठेवा: मजकुराचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा), शेवटच्या बदलाची वेळ आणि आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिम फाइलला देते तो ओळख क्रमांक). लिनक्सवर ‘स्टॅट’ ही कमांड वेळ आणि आयनोड दोन्ही दाखवते. मग दोन-तीन सेकंद थांबा. हे थांबणे अनावश्यक वाटेल, पण काही फाइल सिस्टिम वेळ ढोबळ नोंदवतात. फॅट या जुन्या फाइल सिस्टिममध्ये तर शेवटच्या बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच साठवली जाते, त्यामुळे घाई केली तर झालेला बदलही दिसणार नाही. आता फॉरमॅटर पुन्हा चालवा, मात्र केवळ तपासणीच्या नव्हे तर लिहिण्याच्या पर्यायासह, आणि त्याच तीन गोष्टी पुन्हा पाहा.

तिन्ही जुळल्या तर फॉरमॅटरने फाइल वाचली आणि सोडून दिली. हॅश तोच पण वेळ पुढे सरकली असेल, तर त्याने तोच मजकूर त्याच जागी पुन्हा लिहिला. हॅश तोच पण आयनोड क्रमांकही बदलला असेल, तर त्याने तात्पुरती फाइल तयार करून तिला मूळ फाइलचे नाव दिले, म्हणजे जुनी फाइल खरे तर गेली आणि तिच्या जागी तंतोतंत तशीच दुसरी आली. या शेवटच्या प्रकारात फाइलला हार्ड लिंक (त्याच फाइलची दुसरी नावे) असतील तर त्या तुटतात, आणि स्क्रिप्टने काळजी घेतली नसेल तर परवानग्याही बदलतात.

एक खबरदारी मात्र आवर्जून घ्या. फॉरमॅटर कॅश, म्हणजे मागच्या निकालांची नोंद, ठेवत असेल तर ही चाचणी कॅश रिकामी करून करावी. नाहीतर ‘ही फाइल मागच्या वेळी ठीक होती’ एवढे पाहून तो ती उघडणारच नाही, चाचणी उत्तीर्ण होईल, आणि फाइल प्रत्यक्ष वाचल्यावर तो काय करतो हा मूळ प्रश्न तसाच राहील.

एका वेळेच्या नोंदीने काय बिघडते

मेक हे साधन कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची हे वेळ पाहून ठरवते: मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल, तर काम पुन्हा करायचे. निंजाही वेळेवरच चालते. बेझलसारखी साधने मजकुराचा हॅश पाहतात, त्यामुळे तिथे नुसती वेळ सरकल्याने काही होत नाही. पण वेळेवर चालणारी साधने आजही जागोजागी वापरात आहेत, आणि फायलींवर पाळत ठेवून काही बदलले की चाचण्या पुन्हा चालवणारे प्रोग्रामसुद्धा ‘लेखन झाले’ एवढ्या सूचनेवरच जागे होतात.

हे मी एका सी-प्लस-प्लस प्रकल्पात अनुभवले आहे. एका ओळीचा बदल केला तरी बिल्ड (फायली कंपाइल करून प्रोग्राम बनवण्याचे काम) पूर्ण चालायचे. आम्ही मेकफाइल तपासली, अवलंबित्वांची यादी पुन्हा तयार केली, कोणत्या हेडरमध्ये (इतर फायलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलमध्ये) कोणता हेडर येतो याचा नकाशाही काढला. फायलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या गिटला विचारले तर ते सांगायचे की काहीही बदललेले नाही, आणि या उत्तरानेच आम्हाला सर्वांत जास्त फसवले. गिट आपल्या इंडेक्समध्ये प्रत्येक फाइलचा आकार आणि वेळ नोंदवून ठेवते; वेळ वेगळी दिसली तर ते मजकूर वाचून पाहते, तो तोच असल्याचे कळले की नोंद ताजी करते आणि आपल्याला काहीच दाखवत नाही. गिटच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मेकच्या दृष्टीने मात्र प्रत्येक हेडर नुकताच बदललेला होता. शेवटी एका हेडरवर स्टॅट चालवली तेव्हा त्याची वेळ पाच मिनिटांपूर्वीची निघाली, आणि तो हेडर तर कित्येक आठवडे कोणी उघडलाही नव्हता. बिल्डच्या आधी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट क्लँग-फॉरमॅट या फॉरमॅटरचे उत्तर तात्पुरत्या फाइलमध्ये घेत होती आणि ती फाइल न तपासता मूळ फाइलवर हलवत होती.

दुरुस्ती एका ओळीची होती. हलवण्याआधी ‘सीएमपी’ ही कमांड -एस या पर्यायासह चालवून दोन्ही फायली बाइटनिशी ताडून पाहायच्या. त्या सारख्या असतील तर तात्पुरती फाइल पुसून टाकायची आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, वेगळ्या असतील तरच पुढे जायचे. तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट असेल तर तिच्यात ही ताडणी आजच घाला. आणि बदल खरोखर करायचा असेल तेव्हाही परवानग्यांकडे लक्ष असू द्या. ‘एमके-टेम्प’ने तयार केलेल्या फाइलची परवानगी ६०० असते, म्हणजे चालवता येण्याचा बिट तिच्यावर नसतो, अशी फाइल एखाद्या शेल स्क्रिप्टवर हलवली की स्क्रिप्टचा मजकूर नीट मांडला जातो, पण ती चालेनाशी होते, आणि डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, १००७५५ (चालवता येणारी फाइल) चे १००६४४ (साधी फाइल) झाल्याची एवढीच खूण उरते.

लिहिण्याआधीची तुलना

स्वतः फॉरमॅटर लिहीत असाल तर त्याचा गाभा असा ठेवा:

मूळ = फाइलमधले बाइट जसेच्या तसे वाचा
नवे = मांडणी करा (मूळ)
जर नवे आणि मूळ तंतोतंत सारखे असतील, तर ‘बदल नाही’ अशी नोंद करा आणि थांबा
नाहीतर फाइल लिहा आणि ‘बदलली’ अशी नोंद करा

हे इतके साधे आहे की सांगण्याची गरज नाही असे वाटेल, परंतु प्रत्यक्षात बऱ्याच स्क्रिप्ट तिसरी ओळ गाळतात, कारण ती नसली तरी फाइलमधला मजकूर बरोबरच दिसतो. वापरात रुळलेल्या फॉरमॅटरनी मात्र ती पाळलेली आहे. गो भाषेचा गो-एफएमटी आधी मूळ आणि नवे बाइट ताडून पाहतो, आणि ते वेगळे निघाले तरच नाव छापणे, डिफ दाखवणे किंवा फाइल लिहिणे यांपैकी मागितलेले काम करतो. रस्ट भाषेचा रस्ट-एफएमटीही फरक असेल तरच मूळ फाइलवर लिहितो. मुख्यतः जावास्क्रिप्टसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रेटियरच्या कोडमध्ये तर या जागी कारण नोंदवणारी टिप्पणीच आहे: फाइल बदलणार नसेल तर लिहू नये, म्हणजे वेळेवर आधारलेल्या कॅश निकामी होणार नाहीत. पायथॉनचा फॉरमॅटर ब्लॅक याने या स्थितीला आपल्या कोडमध्ये ‘काहीच बदलले नाही’ अशा अर्थाचे स्वतंत्र एक्सेप्शन दिले आहे, आणि त्याचा एक चांगला फायदा होतो. बदल केल्यावर ब्लॅक जुना आणि नवा कोड पार्स करून दोन्हींचा अर्थ एकच आहे का हे पडताळतो, जे वेळखाऊ काम आहे. फाइल बदललीच नसेल तर तो त्या पायरीपर्यंत जात नाही.

तुलना बाइटांची करावी, मजकुराची नव्हे, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. पायथॉनमध्ये फाइल मजकूर म्हणून उघडली की ओळीच्या शेवटी असलेली सीआर-एलएफ ही जोडी (विंडोजवरची ओळ संपवण्याची खूण) वाचतानाच एकट्या एलएफमध्ये (लिनक्सवरची तशीच खूण) बदलते. तुमचा फॉरमॅटर हा बदललेला मजकूर ‘मूळ’ समजून ताडू लागला, तर फाइलमध्ये प्रत्यक्ष काय होते हे त्याला कधीच कळत नाही. सगळ्या ओळी सीआर-एलएफने संपणाऱ्या फाइलला तो ‘बदल नाही’ म्हणतो. पुढे कधी तिच्यात एका ओळीचा खरा बदल करावा लागला की लिनक्सवर तीच फाइल एलएफने लिहिली जाते आणि डिफमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळ बदललेली दिसते. यासाठी फाइल बाइट म्हणून वाचावी, ओळ संपवण्याची रीत स्वतः ओळखावी, आणि लिहिताना तीच रीत जपायची की एकच रीत लादायची याचा निर्णय आधी घ्यावा.

दोन्ही निर्णय योग्य असू शकतात. ब्लॅक फाइलची पहिली ओळ कशी संपते ते पाहतो आणि तीच रीत सबंध फाइलला लावतो. प्रेटियरने २०२० मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून एलएफ हीच मुळातली रीत मानली आहे, त्यामुळे सीआर-एलएफ असलेली फाइल डोळ्यांना कितीही नीटनेटकी दिसली तरी प्रेटियरच्या लेखी तिला बदलाची गरज असते. विंडोजवर गिटची ‘ऑटो-सीआरएलएफ’ ही सोय चालू असेल, तर चेकआउट करतानाच सगळ्या फायली सीआर-एलएफच्या होतात, आणि ज्यांना कोणी हातही लावलेला नाही अशा फायलींबद्दल तपासणी तक्रार करू लागते. अशा वेळी फॉरमॅटरची सेटिंग सैल करण्यापेक्षा गिट-अ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये ओळीचा शेवट एलएफ असावा असे लिहून ठेवणे बरे, कारण मग सगळ्यांच्या संगणकावर तेच बाइट येतात. फाइलच्या सुरुवातीची बीओएम खूण (एन्कोडिंग सुचवणारे न दिसणारे बाइट) आणि शेवटच्या ओळीनंतरचा एलएफ यांनाही हाच न्याय लावा: ते फॉरमॅटरच्या अखत्यारीत येत असतील तर तुलनेत मोजावेत, येत नसतील तर जसेच्या तसे परत द्यावेत.

दुसऱ्यांदा चालवल्यावर शून्य बदल

फाइलला ‘बदलाची गरज नाही’ असे म्हणता येण्यासाठी फॉरमॅटरचे मत स्थिर असावे लागते. एकदा मांडलेली फाइल त्याच्यापुढे पुन्हा ठेवली तर त्याने ती तशीच परत दिली पाहिजे. हा गुण नसेल तर वरची सगळी काळजी व्यर्थ जाते, कारण फाइल कधी विसावतच नाही. बिघाड बहुधा टिप्पण्यांपाशी होतो: पहिल्या फेरीत लांब ओळ तुटते, ओळीच्या टोकाची टिप्पणी खालच्या ओळीवर जाते, आणि दुसऱ्या फेरीत ती टिप्पणी आता वेगळ्या विधानाची आहे असे समजून फॉरमॅटर तिला आणखी आत सरकवतो. ब्लॅक स्वतःच ही शक्यता पाहतो. बदललेला मजकूर तो पुन्हा एकदा मांडून बघतो आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर फाइल न लिहिता चूक कळवतो.

तुमच्या फॉरमॅटरसाठी ही चाचणी सोपी आहे. प्रकल्पाची स्वच्छ प्रत घ्या, सगळ्या फायलींवर फॉरमॅटर चालवा, लगेच पुन्हा चालवा, आणि दुसऱ्या फेरीत बदललेल्या फायलींची संख्या शून्य आहे का ते पाहा. शून्य नसेल तर त्या फायलींतला सर्वांत लहान नमुना वेगळा काढा आणि तो कायमचा चाचणीत ठेवा.

दोन साधने एकाच फाइलवर चालत असतील तर प्रत्येक साधन एकट्याने स्थिर असूनही जोडी अस्थिर असू शकते. आयातीच्या ओळी लावणारा आयसॉर्ट आणि ब्लॅक यांची लांब ओळी तोडण्याची रीत मुळात वेगळी आहे. सेटिंग न जुळवता दोन्ही लागोपाठ चालवले तर एकाने केलेली मांडणी दुसरा मोडतो आणि प्रत्येक फेरीत दोघेही ‘फाइल बदलली’ असे सांगतात. म्हणूनच आयसॉर्टमध्ये ब्लॅकशी जुळणारे प्रोफाइल दिलेले आहे, ते लावावे. अशा कोणत्याही जोडीसाठी पहिले साधन, मग दुसरे, आणि शेवटी पुन्हा पहिल्याची केवळ तपासणी, अशा क्रमाने चालवून पाहिले की भांडण असेल तर उघडे पडते.

काय सांगावे आणि कोणत्या एग्झिट कोडने

माणसाला संदेश लागतो, स्क्रिप्टला एग्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; ० म्हणजे यश) लागतो, आणि दोन्ही ठिकाणी ‘बदल नाही’ हे उत्तर प्रत्येक साधन वेगळ्या रीतीने देते. ब्लॅक शेवटी किती फायली बदलल्या आणि किती जशाच्या तशा ठेवल्या हे सांगतो. प्रेटियर लिहिण्याच्या पर्यायासह चालवला की प्रत्येक फाइलचे नाव छापतो, आणि तिसऱ्या आवृत्तीत न बदललेल्या नावापुढे तसे शब्दांत लिहितो; त्याआधी हा फरक नुसत्या फिकट रंगाने दाखवला जायचा, त्यामुळे रंग न दिसणाऱ्या लॉगमध्ये सगळ्याच फायली बदलल्यासारखे वाटे. डार्टचा फॉरमॅटर किती फायली पाहिल्या आणि त्यांतल्या किती बदलल्या हे एकाच ओळीत देतो. ही रीत मला सर्वांत पसंत आहे, कारण शून्य हा आकडा लिहिलेला दिसतो. गो-एफएमटी मात्र -एल या पर्यायासह फक्त बदल हवा असलेल्या फायलींची नावे छापतो. सगळे ठीक असेल तर तो काहीच बोलत नाही.

एग्झिट कोडचे नियम पाठच करावेत असे आहेत. ब्लॅकला --चेक दिले तर सगळे ठीक असताना ०, एखादी फाइल बदलावी लागली असती तर १, आणि आतली चूक झाली तर १२३ मिळतो. प्रेटियरमध्ये तेच ०, १ आणि २ आहेत. क्लँग-फॉरमॅटमध्ये --ड्राय-रन आणि -डब्ल्यू-एरर हे दोन पर्याय एकत्र द्यावे लागतात, तरच मांडणीतला दोष अपयश म्हणून नोंदवला जातो. डार्टमध्ये बदल झाल्यास शून्येतर कोड मिळावा असा वेगळा पर्याय आहे. आणि गो-एफएमटी -एलचा एग्झिट कोड फायली बिघडलेल्या असल्या तरी ०च राहतो, म्हणून तिथे कोड न पाहता त्याचे छापील उत्तर रिकामे आहे का हे तपासावे लागते. हा फरक माहीत नसल्यामुळे कधीच लाल न होणारी तपासणी वर्षानुवर्षे हिरवी राहू शकते.

लिहिण्याच्या पर्यायासह चालवल्यावर ब्लॅक आणि प्रेटियर बदल केला तरी आणि न केला तरी ० देतात, कारण काम पार पडले. म्हणून सर्व्हरवरच्या तपासणीत नेहमी तपासणीचाच पर्याय वापरावा. प्री-कमिट ही कमिटच्या आधी ठरवलेली साधने (हुक) चालवणारी व्यवस्था याला अपवाद आहे. ती केवळ साधनाच्या कोडवर विसंबत नाही. हुक चालण्याआधी आणि नंतर फायली स्वतः ताडते आणि एखादी बदललेली दिसली तर हुक अयशस्वी ठरवते.

‘बदल नाही’, ‘वगळली’ आणि ‘फाइलच सापडली नाही’ या तीन स्थिती एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याकडे तर विशेष लक्ष द्या. चुकून पायथॉनची एकही फाइल नसलेल्या दुसऱ्याच फोल्डरचे नाव दिले, तर ब्लॅक पायथॉनच्या फायली नाहीत असे सांगतो आणि ० देऊन थांबतो, म्हणजे तपासणी उत्तीर्ण होते. प्रेटियर मात्र नमुन्याशी जुळणारी एकही फाइल नाही ही चूक मानतो आणि २ देतो. मला प्रेटियरचा निर्णय अधिक सुरक्षित वाटतो. उलट, वगळण्याच्या यादीतल्या फाइलबद्दल प्रेटियर काहीच बोलत नाही, त्यामुळे यादीत एक जास्तीचा तारा पडला तर अर्धा प्रकल्प तपासणीतून निसटतो आणि शेवटचा संदेश सगळे नीट असल्याचाच येतो. ब्लॅकमध्ये वगळण्याचा नियम आणखी एका ठिकाणी फसवतो: फाइलचे नाव थेट कमांडवर दिले तर साधा वगळण्याचा नियम लागू होत नाही, आणि प्री-कमिट नावे तशीच थेट देते, म्हणून तिथे सक्तीने वगळण्याचा पर्याय लागतो. यावर सोपा उपाय असा की, कधीतरी एक फाइल मुद्दाम बिघडवून तपासणी लाल होते का ते पाहावे.

कॅश: न वाचताच ‘बदल नाही’ म्हणणे

कॅशमुळे फॉरमॅटर फाइल न उघडताच निर्णय देतो, म्हणून कॅशची किल्ली, म्हणजे जुना निकाल अजून लागू आहे का हे ज्यावरून ठरते ती माहिती, कशाची बनली आहे हे माहीत असणे आवश्यक आहे. ब्लॅक स्वतःची आवृत्ती आणि दिलेले पर्याय यांनुसार वेगवेगळी कॅश ठेवतो. फाइलचा आकार आणि वेळ जुळली तर तो ती वाचत नाही, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत आकार तोच पण वेळ वेगळी असेल तर हॅश काढून पाहतो. प्रेटियरमध्ये --कॅश द्यावे लागते. त्याच्या किल्लीत आवृत्ती, पर्याय आणि नोडची आवृत्ती असते, आणि फाइल ओळखण्यासाठी मजकूर किंवा वेळेसारखी माहिती यांतले एक निवडता येते. मजकूर हाच मुळातला पर्याय आहे आणि तोच ठेवावा, कारण गिट वेळेची नोंद जपत नाही. सर्व्हरवर नवे चेकआउट झाले की प्रत्येक फाइलची वेळ नवी असते आणि वेळेवर आधारलेली कॅश काहीच उपयोगाची राहत नाही. प्रेटियरच्या किल्लीत प्लगिनची आवृत्ती धरलेली नाही. प्लगिन बदलले की कॅश पुसावी, नाहीतर जुन्या नियमांनी दिलेला ‘बदल नाही’ हा निकाल नव्या नियमांखालीही चालू राहील.

एडिटर आणि स्टँडर्ड इनपुट

फॉरमॅटरला मजकूर फाइलऐवजी स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडून थेट, दिला तर नियम उलटा होतो. इथे बदल नसला तरी सबंध मजकूर परत छापलाच पाहिजे. ‘बदल नाही म्हणून गप्प राहावे’ असे कोणी केले, तर उत्तर घेणारा एडिटर रिकामा मजकूर स्वीकारतो आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फाइल कोरी होते. ब्लॅक या वाटेने चालवला तर न बदललेला मजकूरही पुरा परत देतो, तसेच करावे.

एडिटरच्या बाजूनेही जबाबदारी आहे. परत आलेला मजकूर तोच असेल तर त्याने आपल्या बफरला हात लावू नये, नाहीतर कर्सर हलतो, मिटवलेले भाग उघडतात आणि अनडूच्या यादीत एक निरर्थक पायरी वाढते. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे एडिटर आणि भाषेची साधने यांच्यातल्या संवादाच्या ठरलेल्या रीतीत, हे चांगले सोडवले आहे: मांडणीच्या विनंतीला सबंध मजकुराऐवजी बदलांची यादी द्यायची असते, आणि बदल नसेल तर ती यादी रिकामी असते. सर्व्हर लिहीत असाल तर पूर्ण दस्तऐवज बदलणारी एकच नोंद पाठवण्याचा सोपा मार्ग टाळा आणि प्रत्यक्ष फरक तेवढाच पाठवा.

हे सगळे एका चाचणीत बांधायचे असेल तर मी पुढची चाचणी सुचवीन. एका नव्या फोल्डरमध्ये आधीच नीट मांडलेली फाइल ठेवा, फाइलची परवानगी ४४४ करा आणि फोल्डरची ५५५, म्हणजे दोन्हींवर लिहिणे बंद होईल. फोल्डरही बंद करणे महत्त्वाचे आहे, कारण तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देण्यासाठी फाइलवर नव्हे तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते, आणि फक्त फाइल बंद केली तर तो मार्ग उघडा राहतो. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून, रूटमधून नव्हे, फॉरमॅटर लिहिण्याच्या पर्यायासह चालवा. त्याने ‘बदल नाही’ असे सांगून ० द्यावा. परवानगी नाकारल्याची चूक आली तर समजावे की तो तुलना करण्याआधीच फाइल लिहिण्यासाठी उघडत आहे किंवा तात्पुरती फाइल तयार करत आहे. मग त्याच फाइलमध्ये, परवानगी तेवढ्यापुरती सैल करून, एक जास्तीची मोकळी जागा घाला, परवानगी पुन्हा तशीच करा आणि फॉरमॅटर परत चालवा: या वेळी मात्र त्याने चूक दाखवलीच पाहिजे आणि शून्येतर कोड दिलाच पाहिजे.